पालक झाल्यानंतरचे दिवस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवे-जुने आईबाप जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बरेचसे मध्यरात्रीनंतर लिहिलेले असतात आणि अनेकांच्या शेवटी एकच ओळ असते : "हे फक्त आमच्याच घरी होतंय का?" प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. तान्ह्या बाळापासून वयात येणाऱ्या मुलापर्यंत असा साधारण क्रम आहे, पण सलग वाचायची गरज नाही. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे. मी डॉक्टर नाही, दोन मुलांची आई आहे. आजारपणाबद्दल जे लिहिलंय ते डॉक्टरांकडे कधी धावायचं हे कळावं एवढ्यापुरतंच.

१. तान्हं बाळ सोळा-सोळा तास झोपतं म्हणतात. मग आमचं दोन तासही सलग का झोपत नाही?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या ३ महिन्यांत १४ ते १७ तास आणि ४ ते ११ महिन्यांत १२ ते १६ तास झोप लागते. पण ही चोवीस तासांतल्या तुकड्यांची बेरीज आहे. बाळाला रात्र आणि दिवस वेगळे कळत नाहीत, शरीरातलं ते घड्याळ लागायला दोन-तीन महिने तरी जातात. शिवाय पोट इवलंसं असतं. सुरुवातीला दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा दूध लागतं. म्हणजे ते उठणारच.

दिवसा खिडक्या उघड्या ठेवा, घरातले आवाज होऊ द्या. रात्री मंद दिवा, कमीत कमी बोलणं. एवढ्याने घड्याळ लागायला मदत होते.

राहिली तुमची झोप. "बाळ झोपलं की तूही झोप" हा सल्ला अर्धाच आहे, कारण बाळ झोपतं तेव्हाच धुणं-भांडी आणि आंघोळ उरकायची असते. त्यापेक्षा रात्रीच्या पाळ्या लावा. प्रत्येकाला एक सलग चार तासांचा तुकडा मिळालाच पाहिजे, असं ठरवूनच टाका. आई अंगावर पाजत असेल तर पाजून झाल्यावर ढेकर काढणं, लंगोट बदलणं, थोपटणं ही कामं दुसऱ्याची.

२. बाळ पालथं झोपवलं की गाढ झोपतं. झोपवलं तर काय बिघडलं?

बाळाला उताणंच झोपवायचं, रात्रीही आणि दुपारच्या डुलकीलाही. पालथ्या बाळाला सहज जाग येत नाही, आणि तुम्हाला हवीहवीशी वाटणारी ती गाढ झोपच धोक्याची असते. श्वास अडला तर जाग येणं हेच बाळाचं संरक्षण असतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये पालथं न झोपवण्याचा सल्ला दिला, १९९४ मध्ये त्याची देशभर मोहीम झाली, आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण तिथे निम्म्यावर आलं.

गादी टणक आणि सपाट हवी. उशी, मऊ खेळणी, सैल पांघरूण काही नको. सोफ्यावर बाळाला छातीशी घेऊन तुम्हाला डुलकी लागणं फार धोक्याचं आहे, पेंग यायला लागली की उठा. बाळ दोन्ही बाजूंना स्वतःहून वळायला लागलं की दर वेळी त्याला सरळ करत बसायची गरज नाही. जागेपणी मात्र तुमच्या नजरेसमोर रोज थोडा वेळ पालथं ठेवा, त्याने मान आणि खांदे बळकट होतात.

३. दूध पुरतंय की नाही, हे कळणार कसं?

लंगोट मोजा. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा वेळा शू होत असेल आणि वजन वाढत असेल, तर पुरतंय. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांपर्यंत ते भरून यायला हवं. बाळ सुस्त असेल, पाजायला उठतच नसेल, शू कमी होत असेल तर वाट न बघता दाखवा. पहिले ६ महिने वरचं पाणीही लागत नाही.

४. रोज संध्याकाळी बाळ तीन-तीन तास रडतं. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, ताप नाही. नक्की दुखतंय कुठे?

बहुतेक वेळा कुठेच दुखत नसतं. बाळाचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त होतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरतं. मॉरिस वेसेल या बालरोगतज्ज्ञाने १९५४ मध्ये यासाठी तीनची मोजपट्टी दिली : दिवसाला ३ तासांहून जास्त, आठवड्यातून ३ दिवसांहून जास्त आणि ३ आठवड्यांहून जास्त काळ. डॉक्टर याला कॉलिक म्हणतात. या व्याख्येत रडणं मोजलंय, पण रडण्याचं कारण नाही, कारण सगळ्या बाळांना लागू पडेल असं एकच कारण सापडलेलंच नाही.

अंगाशी घट्ट धरून फेऱ्या मारणं, झुलवणं, एकसुरी गुणगुणणं, खोलीत अंधार करणं, यातलं काहीतरी लागू पडतं. काल लागू पडलेलं आज पडेलच असं नाही. माझ्या धाकटीला फक्त पंख्याच्या आवाजाने शांत वाटायचं, तेही मोजून नऊ दिवस. पुढे तोही उपाय संपला.

आता या पानावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ते रडणं ऐकून डोकं फिरतं, हात थरथरायला लागतात. प्रेमळ आईबापांचंही असं होतं. त्या क्षणी बाळाला पाळण्यात उताणं ठेवा, दार ओढून घ्या आणि पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. तेवढ्या रडण्याने बाळाला काही होत नाही. गदागदा हलवल्याने मात्र काही सेकंदांत मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. दृष्टी जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. तुमच्या बाळाला जे जे कोणी सांभाळतं, त्या प्रत्येकाला हे तोंडाने सांगा. त्यांना ठाऊकच असेल असं धरून चालू नका.

हिरवी उलटी, शीमधून रक्त जाणं, ताप, दूध तोडणं किंवा नेहमीपेक्षा अगदी वेगळं, किंचाळल्यासारखं रडणं असेल तर ते कॉलिक समजून घरी थांबू नका.

५. ताप किती चढला की डॉक्टरकडे जायचं?

बाळ ३ महिन्यांच्या आतलं असेल तर ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइटला लगेच जायचं, रात्र असली तरी. त्याहून मोठ्या मुलाचं थर्मामीटरवरच्या आकड्यापेक्षा वागणं बघा. ताप उतरल्यावर खेळतंय, पाणी पितंय, तर थोडी वाट बघता येते. श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, मान ताठ झाली असेल, दाबल्यावर न पुसट होणारे पुरळ असेल, आकडी आली, मूल जागं राहत नसेल, तर लगेच. मुलांना स्वतःच्या मनाने अ‍ॅस्पिरिन कधीही देऊ नका.

६. बाळ आठ दिवसांचं आहे. सगळे म्हणतात किती आनंदाचे दिवस, आणि मला सारखं रडू येतंय. बाळाबद्दल काही वाटतच नाही.

पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर असं रडू येणं फार मोठ्या संख्येने बाळंतिणींना होतं. संप्रेरकं एकदम खाली येतात, झोप नसते, अंग दुखत असतं. साधारण दोन आठवड्यांत हे निवळतं. आणि बाळाला पाहताक्षणी माया दाटून येणं हा नियम नाही. कित्येकींना ती हळूहळू लागते, न्हाऊमाखू घालताना, रात्री जागताना. उशिरा लागलेली माया कमी प्रतीची नसते.

दोन आठवडे उलटूनही मन उतरलेलंच असेल, भूक-झोप गेली असेल (बाळ झोपलं असतानाही झोप येत नसेल), आपण आई व्हायच्या लायकीचे नाही असं वाटत असेल, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. ते पहिल्या वर्षात कधीही सुरू होऊ शकतं. हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, अंगावर पाजत असताना घेता येतात अशी औषधंही आहेत. यासाठी १९८७ मध्ये तयार झालेली एडिंबरा प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यात फक्त १० प्रश्न आहेत, डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, भास होत असतील, तर त्याच दिवशी रुग्णालयात जायचं आणि एकटीने जायचं नाही.

मानववंशशास्त्रज्ञ डॅना राफेल यांनी १९७३ मध्ये आई होण्याच्या या संक्रमणाला "मॅट्रेसन्स" असं नाव दिलं. पौगंडावस्थेसाठी इंग्रजीत जो शब्द आहे, त्याच वळणावर बेतलेलं. मला हे नाव फार आधाराचं वाटलं. वयात येणाऱ्या मुलीचं शरीर, मन, घरातली जागा सगळंच बदलतं आणि आपण तिला वर्षानुवर्षं सवड देतो. बाळंतिणीला मात्र आठवड्याभरात सावरायला सांगतो.

७. बाळंतपण बायकोचं झालं. मग मला एवढं सुन्न का वाटतंय?

कारण तुमचंही आयुष्य बदललंय आणि तुम्हीही झोपलेला नाहीत. बाळ झाल्यानंतरचं नैराश्य साधारण दहातल्या एका बापाला येतं. पुरुषांमध्ये ते रडण्यापेक्षा चिडचिड, घराबाहेर राहणं, सतत कामात गुंतणं अशा रूपात दिसतं, म्हणून ओळखू येत नाही. कधी मदत घ्यायची त्याच्या खुणा प्रश्न ६ मध्ये आहेत, त्या तुम्हालाही लागू आहेत.

८. नवरा "मदत करतो", तरी मीच का थकते? यावरून रोज भांडण होतं.

कारण काम वाटलं गेलंय, काळजी वाटली गेलेली नाही. लस कधी आहे, कपडे कधी आखूड होतायत, औषधाची बाटली संपत आली का, हे डोक्यात ठेवणं हे स्वतंत्र काम आहे आणि ते कुणाला दिसत नाही. "मला सांग, मी करतो" म्हणणारा माणूस ते डोक्यात ठेवण्याचं काम तुमच्याकडेच ठेवतो.

आमच्या घरी कामांची यादी वाटून उपयोग झाला नाही. आख्खी जबाबदारी देऊन झाला. आंघोळ माझ्या नवऱ्याची म्हणजे पाणी, टॉवेल, साबण संपला तर आणणं, सगळं त्याचं. मग तो त्याच्या पद्धतीने करतो तेव्हा मी मागे उभं राहून सुधारणा सांगायच्या नाहीत. हे मला जड गेलं. बाळाच्या जिवाला धोका नसेल तिथे गप्प राहायचं, एवढाच नियम मी स्वतःला घातला.

भांडणं रात्री करू नका. रात्री दोन वाजता जोडीदाराबद्दल काढलेला कोणताही निष्कर्ष सकाळी पुन्हा तपासून बघावा.

९. घरातली मोठी माणसं म्हणतात, "आम्ही नाही का वाढवलं?" त्यांना कसं सांगू?

त्यांनी खरंच वाढवलंय, तेव्हा सुरुवात तिथून करा. सल्ल्यांचे दोन ढीग करा. जिवाशी गाठ असलेले : झोपवण्याची पद्धत (प्रश्न २), वर्षाच्या आत मध चाटवणं (त्यातून बॉट्युलिझमची विषबाधा होऊ शकते), लस टाळणं. इथे मागे हटायचं नाही, "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणून मोकळं व्हायचं. बाकी सगळ्या ढिगावर, म्हणजे टोपी घालायची की नाही, कडेवर किती घ्यायचं, यावर वाद घालू नका. कडेवर घेऊन बाळ लाडावत नाही, त्यांना खुशाल घेऊ द्या.

१०. कामावर निघाले की ती पायाला मिठी मारून रडते. तिचं लक्ष नसताना गुपचूप निघावं का?

नको. आठव्या महिन्याच्या आसपास बाळाला कळायला लागतं की दिसेनाशी झालेली आईही कुठेतरी असतेच, पण ती परत येईल याची खात्री अजून नसते. म्हणून ही चिकटण्याची ओढ साधारण दीड वर्षापर्यंत जोरात असते. गुपचूप गेलात तर ती शिकते की आई कधीही नाहीशी होऊ शकते, आणि मग तुम्ही घरात असतानाही नजरेआड होऊ देत नाही. निरोप थोडक्यात घ्या, रोज तोच, आणि परत कधी येणार ते तिला कळेल अशा खुणेने सांगा : "झोपून उठलीस की मी येते." आणि त्या वेळेला या.

११. दोन वर्षांचा मुलगा भर रस्त्यात लोळण घेतो. सगळे बघतात. काय करू?

आधी बघणाऱ्यांना विसरा. त्या वयात इच्छा मोठ्यांएवढी असते, शब्द मोजके असतात आणि मनाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग नुकता कुठे घडू लागलेला असतो. तो पूर्ण व्हायला पंचविशी उजाडते. त्यामुळे लोळण घेतलेल्या मुलाला समजावून सांगणं वाया जातं. तेव्हा त्याला ऐकूच येत नसतं.

त्याला सुरक्षित जागी न्या, शेजारी बसा, कमी बोला. "तुला ते हवं होतं. राग आलाय." एवढं पुरे. मागितलेली वस्तू मात्र आता द्यायची नाही, नाहीतर लोळणं हाच मागण्याचा मार्ग होतो. वादळ गेलं की जवळ घ्या. जवळ घेणं म्हणजे हट्ट पुरवणं नाही, या दोन गोष्टींची लोक नेहमी गल्लत करतात.

बहुतेक लोळणी भूक, झोप किंवा घाई यातून येतात. आठवडाभर वेळा लिहून ठेवल्यात तर निम्म्या टाळता येतील. चार वर्षांनंतरही रोज होत असेल, मूल स्वतःला इजा करत असेल, तर तज्ज्ञांना दाखवा.

१२. काल मी मुलावर हात उचलला. तो झोपल्यावर रात्रभर रडले. आता कायमचं बिघडलं का?

नाही. पण झालं ते झाकूही नका.

माझा मोठा चार वर्षांचा असताना मी त्याला दंडाला धरून इतक्या जोरात ओढलं होतं की बोटांचे वळ उठले. कारण काय होतं? बूट घालायला वेळ लावत होता. रात्री त्याच्याजवळ बसून मी म्हणाले, "मी तुला ओढलं, तुला लागलं. माझं चुकलं. राग मला आला होता, तो आवरणं माझं काम होतं." त्यापुढे "पण तूही जरा" एवढं ओठांवर आलं होतं, ते गिळलं. मुलाची माफी मागताना तो "पण" आला की माफी त्याच्याच अंगावर उलटते.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बाळाशी खेळणारी आई काही मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवते. बाळ हसतं, हात पसरतं, आवाज काढतं, शेवटी मान फिरवतं. आई परत पहिल्यासारखी झाली की दोघं पुन्हा जुळवून घेतात. पुढच्या निरीक्षणांत त्यांना दिसलं की नेहमीच्या चांगल्या खेळातही आई आणि बाळ एकमेकांशी जुळलेले असतात ते थोडाच वेळ, तीनातला एक हिस्सा. उरलेला वेळ निसटणं आणि पुन्हा जुळणं यात जातो. नातं त्या पुन्हा जुळण्यातूनच बांधलं जातं.

याचा अर्थ मारलं तरी चालतं असा नाही. मार खाल्लेलं मूल तेवढ्यापुरतं थांबतं, आणि पुढच्या वेळी लपवायला शिकतं. घरात मुलांना मारण्यावर स्वीडनने १९७९ मध्ये जगात पहिल्यांदा कायद्याने बंदी घातली, आता असे साठाहून जास्त देश आहेत. हात पुन्हा पुन्हा उचलला जात असेल तर प्रश्न मुलाच्या वागण्याचा राहिलेला नाही. तुमची झोप, तुमचं मन (प्रश्न ६ आणि ७) आणि तुम्हाला लहानपणी मिळालेला मार, याबद्दल समुपदेशकाशी बोला.

१३. जेवतच नाही. ताट घेऊन मागे धावते. काय करू?

धावणं थांबवा. काय, कधी आणि कुठे वाढायचं हे तुम्ही ठरवा, किती खायचं हे त्याला ठरवू द्या. दोन ते सहा या वयात नवा पदार्थ नाकारणं स्वाभाविक आहे. एखादी चव आपलीशी व्हायला दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते, आणि आपण तिसऱ्या वेळी हार मानतो. वजन-उंची आपल्या गतीने वाढत असेल तर काळजी नको. वाढ थांबली, गिळताना ठसका लागतो, मोजकेच पदार्थ चालतात आणि तेही कमी होत चाललेत, तर दाखवा.

१४. मोबाइल किती वेळ द्यावा?

जागतिक आरोग्य संघटना सांगते : दोन वर्षांच्या आत अजिबात नाही, दोन ते चार वर्षांत दिवसाला १ तासापेक्षा जास्त नाही, कमी असेल तर उत्तम. दूरच्या माणसांशी व्हिडिओ कॉलवर बोलणं मी यात धरत नाही, कारण तिथे समोरून कोणीतरी उत्तर देत असतं. आजारपणात, लांबच्या प्रवासात तास वाढला तर स्वतःला दोष देऊ नका. रोज जेवताना आणि झोपताना मात्र पडदा नको. हा नियम मोठ्यांनाही लागू केला तरच टिकतो.

१५. शेजारचं मूल घडाघडा बोलतं, आमचं त्याच वयाचं गप्प. थांबावं की दाखवावं?

थोडाफार फरक असतोच. पण काही खुणांना थांबायचं नाही : १२ महिन्यांपर्यंत बडबड किंवा बोट दाखवणं नाही, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, २ वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणं नाही. आणि कोणत्याही वयात येत असलेली गोष्ट येईनाशी होणं. आधी कान तपासून घ्या. घरात दोन भाषा असल्याने मूल मुकं राहत नाही, दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजा.

बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर साधारण २ वर्षांपर्यंत वय सुधारून धरा. दोन महिने आधी जन्मलेलं आठ महिन्यांचं बाळ वाढीच्या हिशेबाने सहा महिन्यांचं असतं. लसीकरण मात्र बहुतेक वेळा जन्मतारखेनेच होतं.

१६. दुसरं बाळ आल्यापासून मोठी पुन्हा अंथरूण ओलं करते, बोबडं बोलते. मुद्दाम करते का?

मुद्दाम नाही. बाळ होऊन बघतेय, कारण बाळाला सगळं मिळतंय. तिला "आता तू मोठी झालीस" म्हणू नका. चार दिवस थोपटून झोपवलंत तर तीच कंटाळून मोठी होते. रोज पंधरा मिनिटं फक्त तिची ठेवा, त्या वेळी बाळ दुसऱ्याच्या हातात. तिला बाळाचा राग आला तर तो राग चालेल, मारणं चालणार नाही, असं स्वच्छ सांगा.

१७. सहा वर्षांचा आहे आणि रात्री अजून अंथरूण ओलं करतो. लाज वाटते त्याला.

प्रश्न १६ मध्ये कोरडी झालेली मुलगी पुन्हा ओली झाली. तुमचा मुलगा कधीच पूर्ण कोरडा झाला नसेल तर गोष्ट वेगळी. पाचव्या वर्षी साधारण सहातल्या एका मुलाचं असं असतं आणि बहुतेकांचं आपोआप थांबतं. हे बऱ्याचदा घराण्यात असतं. तुमचंही झालं असेल तर त्याला सांगा, त्याला केवढं तरी बरं वाटेल. शिक्षा नाही, भावंडांसमोर चर्चा नाही. दिवसाही होत असेल, शू करताना जळजळ असेल, खूप तहान लागत असेल तर तपासणी हवी.

१८. चौदा वर्षांची लेक खोलीतून बाहेर येत नाही, रात्री जागते, विचारलं तर "काही नाही". कुठे चुकलं?

कदाचित कुठेच नाही. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागतं, त्यामुळे तिला अकराला झोप न येणं हा आळस नाही. ८ ते १० तास झोपेची गरज मात्र तशीच असते.

समोर बसवून विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं येत नाहीत. शेजारी चालताना, कपड्यांच्या घड्या घालताना, दिवे मालवल्यावर येतात. तेव्हा तोडगा सांगू नका. "मग?" एवढंच विचारा. ती बोलायला लागली की हातातलं काम थांबवून वळून बघायचा मोह होतो, तो आवरा आणि घड्या घालत राहा.

मैत्रिणीही सुटल्या, आवडीचं काही उरलं नाही, खाणं-वजन एकदम बदललं, हातावर जखमा दिसल्या, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर सरळ विचारा : "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर तिला एकटं सोडू नका आणि लगेच मदत घ्या.

१९. आम्ही वेगळे राहतो. दोन घरांत दोन नियम. मुलाचा गोंधळ होत नाही का?

मुलं शाळेत एक आणि घरी एक असे नियम सहज सांभाळतात. झोप, औषधं आणि सुरक्षितता यावर दोन्ही घरांत एकमत ठेवा, बाकी सोडून द्या. त्याला निरोप्या बनवू नका आणि दुसऱ्या घराची चौकशी त्याच्याकडे करू नका. तो तिथून खूश होऊन आला तर तुमच्यासमोर खूश राहायची त्याला मुभा हवी.

२०. हे कुणाला सांगितलेलं नाही. मुलावर माझं प्रेम आहे, पण कधी कधी वाटतं, मूल व्हायलाच नको होतं.

हा प्रश्न जवळजवळ नेहमी नाव न घालता येतो आणि "मी वाईट आहे का?" असं विचारतो. दोन्ही गोष्टी एकाच मनात राहू शकतात. तुम्हाला आधीचं आयुष्य आठवतंय : एकटीने केलेला प्रवास, पूर्ण झालेली झोप, सलग वाचलेलं पुस्तक. ते गेलंय आणि गेल्याचं दुःख होणारच. त्या दुःखाची तक्रार मुलाविरुद्ध नसते.

हा विचार अधूनमधून येतो की मुक्कामालाच आहे, ते बघा. मुक्काम असेल तर आधी प्रश्न ६ वाचा, मूल मोठं असलं तरी. अधूनमधून येत असेल तर हरवलेल्यांतली एकच गोष्ट निवडा आणि आठवड्यातून दोन तास ती परत मिळवा. त्या दोन तासांत मूल कोण सांभाळणार ते आधी ठरवा, कारण ते ठरलं नाही की ते दोन तास कधीच येत नाहीत. विश्वासातल्या एका माणसाशी बोला, तेही मूल घरात नसताना. बंद दाराआडचं फोनवरचं बोलणंही मुलांना ऐकू जातं.